टोकाचं शेत

११ जानेवारी २००९, मुधोळ

काल हैदराबादहून परत आलो. ऑपरेशनची तारीख मिळाली, दोन मार्च. तोवर पद्मिनीला रडू द्यायचं नाही. फुंकर मारू द्यायची नाही, धाप लागू द्यायची नाही, तहानलेलं ठेवायचं नाही. फुगा आणि शिट्टी बंद.

हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे हे ती दोन वर्षांची असल्यापासून माहीत होतं. ते यंदा बुजवायलाच हवं. मेंदूचं दसऱ्याला कळलं. रिबन हरवली म्हणून ती खूप रडली आणि उजवा हात खांद्यापासून लोंबला. थोड्या वेळाने हात परत आला. तपासण्यांत दिसलं की मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या तळाशीच अरुंद झाल्या आहेत. जोरजोरात श्वास घेतला की आतल्या बारीक नळ्या आणखी आकसतात.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई हळू बोलतात. आमच्याशी हिंदीत बोलल्या. हृदय शिवायचं तर ते थांबवावं लागतं, तेवढा वेळ रक्त यंत्र फिरवतं. बाकीच्या मुलांच्या मेंदूला यंत्राचा दाब पुरतो. हिच्या मेंदूला पुरेलच असं नाही.

चिंतामणी, पद्मिनीचे वडील, पाटबंधारे खात्यात आहेत, निर्मळला. ते एकदम म्हणाले, "टेल-एंडचं शेत." डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. चिंतामणींनी कागदावर पाट काढून दाखवला. वरून पाणी सोडलं तरी दाब कमी असला की टोकाचं शेत कोरडं राहतं.

"तेच," त्या म्हणाल्या. "आम्ही दाब चढा ठेवू. कपाळावर दोन्ही बाजूंना पट्ट्या लावू, आत प्राणवायू किती पोचतो ते दिसत राहील. पण एक सांगा. हात जाणं किती वेळा होतं? त्यावर सगळं ठरतं. वारंवार होत असेल तर आधी मेंदूला दुसरी वाट करून द्यायची, हृदय मग."

दसऱ्याला एकदा, दिवाळीत एकदा, मी म्हणाले.

"पुन्हा झालं तर त्याच दिवशी फोन करा."

१२ जानेवारी

सासूबाई भीमपूरहून आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. ज्वारीचं पीठ आणि तुरीच्या शेंगा घेऊन आल्या. मी नियम सांगितले.

"रडू नाई द्यायचं मंजे? लेकरू हाय का देवळातली मूर्ती?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मंग नाई रडू देत. त्यात काय हाय? माह्यापाशी लेकरं रडत नाईत."

हे मला उद्देशून होतं की नाही, कळलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. दारात रांगोळी आत्याबाईंनी काढली. दर वर्षी पद्मी काढते. यंदा ती शाल पांघरून पायरीवर बसली आणि हुकूम सोडत होती. "इथं लाल. आजी, तिथं नाही, इथं."

"लय सायबीण झाली," आत्याबाई म्हणाल्या. खूष होत्या.

नियम सोपे आहेत. कोणी तिला नाही म्हणायचं नाही. घरात आवाज चढवायचा नाही. कालपासून चिंतामणी आणि मी भांडलोही नाही. भांडायचा विषय निघाला की दोघं तिच्याकडे बघतो आणि विषय सोडतो.

१८ जानेवारी

जेवताना पद्मीने डाव्या हाताने घास उचलला. आत्याबाईंनी तिचं ताट मागे ओढलं.

"डाव्या हातानं जेवते का कोनी? त्यो हात कायले असते, ठाऊक नाई तुले?"

पद्मीचे ओठ थरथरले. आम्ही तिघंही थांबलो. ती रडली नाही. पाणी प्यायली आणि उठली. तिच्या वर्गातली स्रवंती डावखुरी आहे, तिचं बघून करत असणार. मी आत्याबाईंना नंतर म्हटलं, नक्कल आहे, चार दिवसांनी जाईल. त्या म्हणाल्या, "नकल असो का काई. सासरी गेल्यावर मायचं नाव निघते."

२० जानेवारी

नक्कल गेली. त्याऐवजी नवं खूळ, पद्मीला भरवून घ्यायचंय. आणि तेही आजीकडूनच.

"आठ वर्षांची घोडी," मी म्हटलं.

"काऊन टोकून राह्यली व विनू? भरवतो मी. माहे हात कुठं झिजतात?"

त्यांनी वरणभात कालवला, बोटांनी सारखा केला, निवेपर्यंत घोळवला आणि मग घास दिला. पद्मी भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात मांडीखाली. तोंडभर हसत होती. मी ताक आणायला आत गेले.

२ फेब्रुवारी

पद्मीच्या शाळेतल्या तेलुगू शिकवणाऱ्या बाई बाजारात भेटल्या. अक्षर बिघडलंय म्हणाल्या, लाड कमी करा. मी स्वतः शिकवते, जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मराठी. मुलांच्या आयांना हेच सांगते. ऐकायची वेळ पहिल्यांदा आली.

घरी आल्यावर पद्मीला लिहायला बसवणार होते. ती म्हणाली, "आज नको ना." मी बरं म्हटलं.

९ फेब्रुवारी

पाण्याचा गिलास पद्मीच्या हातून पडला. या आठवड्यातला दुसरा. माझा आवाज चढला असता. तिने आधीच माझ्याकडे पाहिलं.

"निसटला," ती म्हणाली. आणि मग, "आई, मी रडत नाही बघ."

शहाणी झाली आहे. दसऱ्याची पद्मी आणि ही, एक वाटत नाहीत.

१५ फेब्रुवारी

रविवार. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मी मसालेभात केला, पद्मीला आवडतो तसा, आणि वाफेसकट वाढला. म्हटलं, आज माझ्याकडून खा. तिने दोन घास खाल्ले, तोंड उघडं ठेवून हा-हा केलं आणि ताट सरकवलं.

"आजी आल्यावर."

"का? माझा हात कडू आहे?"

"तू गरम देते."

आत्याबाई आल्या आणि तोच भात निववून त्यांनी भरवला. मी स्वयंपाकघरात भांडी लावत राहिले. सहा वर्षं मी तिला औषधं दिली, तपासण्यांना नेलं, सुट्ट्या टाकल्या. महिनाभरासाठी आलेल्या बाईच्या मांडीवर ती डोकं ठेवते. हे लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. हात गेला का पुन्हा?

नाही, मी म्हणाले. एकदाही नाही.

"फार चांगलं सांभाळलंत," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत होतं.

२६ फेब्रुवारी, हैदराबाद

बासरहून गाडी वेळेवर होती. आत्याबाईही आल्या, त्यांना नको म्हणणं जमलं नाही. वॉर्डात पद्मीची खाट खिडकीपाशी आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपासून सलाईन लावणार. इतर मुलांना उपाशी ठेवतात, हिचं पोट रिकामं ठेवायचं पण रक्त आटू द्यायचं नाही. भूल देताना आमच्यातल्या एकाला आत घेणार, म्हणजे ती रडणार नाही. प्रत्येक गोष्टीचा विचार झालेला आहे. मला इतकं शांत कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी

दुपारी जेवणाच्या वेळी डॉक्टरीणबाई आल्या. आत्याबाई पद्मीला भरवत होत्या. डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि बघत राहिल्या.

"रोज भरवतात?" त्यांनी मला विचारलं.

"लाडाची आहे," मी म्हणाले.

त्यांनी पद्मीला तेलुगूत विचारलं, तू का नाही खात आपल्या हाताने? पद्मी तेलुगू शाळेत जाते, तिला आवडतं कोणी तेलुगूत बोललं की. ती सहज म्हणाली, "डाव्या हाताने खाल्लं तर आजी रागावते."

"मग उजव्याने खा."

"उजवा जातो ना."

"केव्हा जातो?"

"गरम खाल्लं की. कधी शाळेत, पळाल्यावर. मग येतो परत."

आत्याबाईंना तेलुगू कळत नाही. त्यांचा हात पुढचा घास घेऊन थांबला होता. चिंतामणींना आणि मला कळत होतं.

"आईला का नाही सांगितलं?" डॉक्टरीणबाईंचा आवाज तसाच होता.

पद्मीने थोडा विचार केला. "सांगितलं की आई रडेल. आई रडली की मला रडू येतं. मग हात जातो."

त्या तिच्या उजव्या हाताशी खेळत बसल्या. बोटं मोजायला लावली, पेन धरायला लावलं. अंगठा आणि करंगळी जुळवताना ती चुकत होती. मग बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, सोमवारचं ऑपरेशन रद्द. असे झटके चालू असताना यंत्रावर घेतलं असतं तर मेंदूचा तो भाग बहुतेक परत आला नसता.

"हृदयाचं ऑपरेशन तोवर थांबू शकेल?" चिंतामणींनी विचारलं.

"औषधांवर सहा-आठ महिने. त्यापुढे फुप्फुसं बिघडतील." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रडू देऊ नका म्हणाले मी. सांगू द्या, हे म्हणायचं राहिलं."

त्या दोष स्वतःकडे घेत होत्या. मी तो घेऊ दिला.

१ मार्च

आत्याबाईंना काल चिंतामणींनी पद्मीचं बोलणं समजावून सांगितलं. त्यांनी डबा झाकून ठेवला. संध्याकाळी जेवल्या नाहीत.

आज सकाळी डबा उघडला. पद्मीसमोर ताट ठेवलं, आपल्यासमोर ठेवलं. मग उजवा हात पदराखाली घेतला आणि डाव्या हाताने घासाला भाजी लावली. घास तोंडापर्यंत नीट जाईना, भाजी लुगड्यावर सांडली. सत्तर वर्षांत त्यांनी हे कधी केलं नसेल.

पद्मी बघतच राहिली. "आजी! डावा!"

"मंग? माहा बी उजवा दुखून राह्यला. तू कोन्या हातानं खाती?"

पद्मीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने डावा हात पुढे केला.

शेजारच्या खाटेवरची बाई तोंड फिरवून बसली. आत्याबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं व माय? जेवन हाय, चोरी नाई."

१२ मार्च

मेंदूचं ऑपरेशन आज झालं. आधी रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करून काही दिवस थांबावं लागलं. कानापाशी त्वचेखाली एक धमनी असते. ती सोडवून कवटीच्या आत मेंदूवर ठेवली. तिच्यापासून नव्या नळ्या फुटतील. कधी, ते शरीर ठरवतं. काही महिने लागतात. उजव्या हाताचा मेंदू डावीकडे असतो, म्हणून डावीकडे केलं.

"नवा पाट खोदला," चिंतामणी म्हणाले. "पाणी यायचंय अजून."

अर्धं डोकं भादरलेलं. पद्मीने आरसा मागितला, पाहिलं, आणि विचारलं, "रिबन कुठं बांधायची?"

२१ जून, मुधोळ

आत्याबाई भीमपूरला परतल्या नाहीत. पेरणी सोडून राहिल्या आहेत. मी राहा म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नाही.

घरात नवा नियम आहे. पद्मीने सांगायचं आणि कोणी धावायचं नाही. "आई, हातात मुंग्या येऊन राह्यल्या," ती म्हणते. एरवी मी तिची भाषा सुधारते. आता सुधारत नाही.

"बरं," आत्याबाई म्हणतात. "पानी पी. पड जराशी."

मलाही "बरं" म्हणायचं असतं, त्याच आवाजात. अजून जमत नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या हातातली वही पडली आणि पुढच्या वेळी तिने आत्याबाईंना सांगितलं, मला नाही. म्हणून मी सराव करते. शाळेतून येताना मनात म्हणते. बरं. पाणी पी. बरं.

१७ ऑगस्ट

आज तिने मला सांगितलं. मी चपात्या लाटत होते. लाटणं थांबवलं नाही. "बरं," म्हटलं. "पाणी पी."

ती पाणी प्यायली आणि परत आली. "गेल्या मुंग्या."

"बरं."

ती बाहेर गेल्यावर मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. आत्याबाई दारात होत्या. म्हणाल्या, "सरक. मी लाटतो."

३० ऑक्टोबर, हैदराबाद

तपासणीत नव्या नळ्या दिसल्या. पडद्यावर झाडाच्या मुळांसारख्या. मुंग्याही महिनाभर नाहीत. पण हृदय वाढलं आहे. पायऱ्या चढताना ती मध्ये दोनदा बसते. आता थांबायचं नाही. दहा नोव्हेंबर.

१० नोव्हेंबर

सगळं ठरल्याप्रमाणे होतं. काल संध्याकाळी सलाईन लावलं. आज सकाळी तिला हिरवे कपडे घातले, स्ट्रेचर दाराशी आलं. नर्सने तिच्या गालावर थोपटलं, "गुड गर्ल, रोना नहीं."

पद्मी रडत नव्हती. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मुंग्या."

स्ट्रेचर ढकलणारा थांबला नव्हता. मी स्ट्रेचर धरलं.

"बरं," मी म्हणाले. मग नर्सला म्हणाले, डॉक्टरीणबाईंना बोलवा. ती म्हणाली, भीतीने होतं असं, आत गेल्यावर बघतील, आत सगळे थांबलेत. मी पुन्हा म्हणाले, इथे बोलवा. आवाज चढला नाही. हात काढला नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तिचा हात तपासला आणि मग सलाईनची सुई लावलेला हात वर उचलला. चिकटपट्टीखाली तो सुजला होता. सुई शिरेतून सरकली होती. पाणी रात्री केव्हापासून तरी मांसात जात होतं, शिरेत नाही. बाटली मात्र संपत होती, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

"आज नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः दुसरी सुई लावली. पद्मीला म्हणाल्या, तू सांगितलंस म्हणून कळलं. पद्मीला त्यात विशेष वाटलं नाही. तिने विचारलं, मग आता जेवायचं का?

चिंतामणी जिन्यात जाऊन बसले होते. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "टोकाच्या शेतानंच कळवलं."

१२ नोव्हेंबर

सकाळी तिच्याबरोबर मी आत गेले. मास्क लावायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मुंग्या?" पद्मी म्हणाली, "नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, लगेच पुढचं सुरू केलं. तिच्या शब्दावर.

मग बाहेर. चिंतामणींनी एकच पेपर सगळा वेळ धरला होता. आत्याबाई भिंतीशी बसून होत्या, ओठ हलत नव्हते. मी विचारलं, काही म्हणत नाही का? त्या म्हणाल्या, "देवाले बी किती टोकावं? तो बी कामात असंल."

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. छिद्र बुजवलं, हृदय आपणहून सुरू झालं. यंत्रावर असताना डाव्या पट्टीवरचा आकडा एकदा खाली जाऊ लागला होता. त्यांनी दाब चढवला, थोडं रक्त दिलं. आकडा परत आला. "नवा पाट होता म्हणून आला," त्या म्हणाल्या. चिंतामणींकडे बघून पाट हा शब्द त्यांनी मराठीतच म्हटला.

पण जागी होईपर्यंत काही सांगता येत नाही.

संध्याकाळी एकालाच आत सोडणार होते. मी चिंतामणींकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मी आत गेले. तोंडात नळी होती, डोळे अर्धे उघडे. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डाव्या हातात दोन बोटं दिली. दाब, म्हणाल्या. तिने दाबलं. मग उजव्या हातात.

तिने डोळे मिटले. काही झालं नाही.

त्या पुन्हा म्हणाल्या. पद्मिनी, दाब.

तिने दाबलं. त्यांची बोटं पांढरी झाली इतकं दाबलं.

बाहेर आले तर आत्याबाई उभ्या होत्या. मी माझा उजवा हात वर करून मूठ मिटून दाखवली. मग मी रडले. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, मोठ्याने. आत्याबाई म्हणाल्या, "रड. तुले कोनी नाई म्हनलं?"

१९ नोव्हेंबर

वॉर्डात परत. पद्मीला दवाखान्यातली खिचडी नको झाली आहे. भाकर पाहिजे म्हणाली. चिंतामणी शहरात कुठेतरी जाऊन ज्वारीची भाकर मिळवून आले. गार आणि कडक झाली होती. मी म्हटलं, दुधात कुस्करून देते.

"मी करतो," ती म्हणाली. आजीसारखं.

तिने भाकर दोन्ही हातांत धरली. डाव्याने धरून उजव्याने मोडायचा प्रयत्न केला. मोडली नाही. हात बदलले, पुन्हा केला. भाकर काडकन मोडली, तुकडे चादरीवर सांडले. एक तुकडा उचलून तिने तोंडात घातला.

आत्याबाई खाटेशेजारी बसून बघत होत्या. चादरीवर पडलेले तुकडे एकेक वेचून त्यांनी परत तिच्या ताटात ठेवले, आणि पाण्याचा गिलास तिचा हात पुरेल इतका जवळ सरकवला.